बोल्टवरची पिवळी रेघ

“हेल्मेट घातलं होतं का?”

प्रफुल्ल गेल्याचं ज्यांना ज्यांना मी कळवलं, त्यांतल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न हाच विचारला. कसा गेला, जवळ कोण होतं, घरच्यांना कळलं का, हे सगळं नंतर. आधी हेल्मेट. मोठी गाडी घेऊन दगडधोंड्यांतून हिंडणारा, लग्न न केलेला माणूस तिशीत गेला म्हणजे तो दरीतच गेला असणार आणि चूक त्याचीच असणार, हे सगळ्यांनी आपापल्या घरी बसून ठरवून टाकलं होतं. तर एकदाच, सगळ्यांसाठी, स्वच्छ लिहिते. प्रफुल्ल गाडीवरून पडला नाही. तो डेंग्यूने गेला. कात्रजला तो भाड्याने राहायचा त्या इमारतीच्या मागे एक बांधकाम अर्धवट सोडून दिलेलं आहे. त्याच्या तळघरात पावसाचं पाणी साठून राहतं. त्याबद्दल आम्ही तक्रारी करून थकलो होतो. औषध मारायला माणसं आली ती तो गेल्यावर, फोटो काढण्यापुरती. डासासाठी कुठलं हेल्मेट मिळतं हे कुणाला माहीत असेल तर जरूर कळवावं.

फोन आला तेव्हा मी बुधवार पेठेत छपाईवाल्याकडे उभी होते. नव्या पत्रकांचा गठ्ठा काखेत होता, शाई अजून हाताला लागत होती. फोन त्याच्या ऑफिसातल्या मुलाचा. “ताई, प्रफुल्ल सर...” एवढंच बोलला. आदल्या संध्याकाळीच मी त्याला बघून आले होते. हाताला सलाईन, ओठ सुकलेले, आणि चिंता कसली, तर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीची. “बॅटरी उतरून जाईन न तिची. एखाद वेळा चालू करून ठेवशील?” मी म्हटलं, आधी तुझी बॅटरी बघ. तो हसला. हसताना त्याला त्रास होतोय हे दिसलं, म्हणून मी पुढचा विनोद गिळला. तो विनोद अजून माझ्याकडेच आहे...

आमची ओळख भांडणातून झाली. आमच्या टेकडीवर दर रविवारी सकाळी मोटरसायकलवाल्यांची टोळी यायची. चढाचा रस्ता सोडून गवतात गाड्या घालायच्या, धूळ उडवायची, व्हिडिओ काढायचे, निघून जायचं. म्हणून टेकडी राखणाऱ्या आमच्या समितीतले आम्ही पायथ्याशी उभे राहून पत्रकं वाटायचो. त्या वेळचं पत्रक मी लिहिलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. ‘टेकडी म्हणजे तुमच्या बापाची सर्कस नव्हे!’ असा मथळा होता. ‘बापाची’ हा शब्द समितीतल्या ज्येष्ठांनी खोडला होता. मी छापताना परत घातला. तर एका रविवारी एक उंच, मातकट गाडी येऊन थांबली. चालवणाऱ्याने हेल्मेट काढलं, पत्रक घेतलं, आणि असं कधी होत नाही, पण त्याने ते उभ्या उभ्या दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत वाचलं.

“यात एक चूक आहे,” तो म्हणाला. “‘सायलेन्सर काढलेले गुंड’ असं लिहिलंय तुम्ही. माझा सायलेन्सर कंपनीचाच आहे, पाहून घ्या. गुंड राहू द्या. सायलेन्सर तेवढा काढा.”

“आणि टायर?” मी विचारलं. “तेही कंपनीचेच का?”

ते कंपनीचे नव्हते. खोल खाचांचे, माती उकरत जाणारे गुट्टेदार टायर होते. मी त्याला धरून वर नेलं, धरून म्हणजे अक्षरशः बाही धरून, आणि चर दाखवला. टायरने आधी गवताचं मूळ सुटतं, मग पहिल्या पावसात तिथून पाणी वाहतं, मग पुढच्या वर्षी तिथे ओढा होतो. हे सगळं मी दम न घेता बोलले. तो त्या चरापाशी उकिडवा बसला, मनगटापर्यंत हात आत घातला, कडेचे ठसे निरखले. “हा माझाच टायर आहे,” म्हणाला. पुढे काहीच नाही. सबब नाही, ‘सगळेच करतात’ नाही. खरं सांगायचं तर माझी निराशाच झाली. तयार करून आणलेली सहा वाक्यं तशीच घरी न्यावी लागली. पुढच्या रविवारी तो चालत आला, खांद्यावर फावडं घेऊन. “पत्रकबाई,” म्हणाला, “माती कुठून आणायची?” तेव्हापासून माझं नाव तेच पडलं. जगासमोर, फोनवर, पावसात, भांडणात, मी पत्रकबाई.

तो वर्ध्याकडचा. शिकायला पुण्यात आला, नोकरीला लागला, राहिला. ऑफिसात बोलायचा ती मराठी इंग्रजी मिसळलेली, कुठूनही आलेली असू शकली असती. पण हात ग्रीसने माखले की त्याची भाषा घरी जायची. पायथ्याचा आमचा बोर्ड, टेकडीवर गाड्यांना मनाई सांगणारा, त्यानेच बसवला. तोवर तो बोर्ड कुणीतरी सारखा ढिला करून पाडायचं. कोण, ते आम्हाला माहीत होतं आणि सिद्ध करता येत नव्हतं. प्रफुल्लने लोखंडी चौकट आणली, जाड बोल्ट आणले, आणि सगळं आवळून झाल्यावर बोर्डावरच्या अक्षरांसाठी आणलेल्या पिवळ्या ऑइलपेंटमध्ये काडी बुडवून प्रत्येक बोल्टवर एक बारीक रेघ ओढली. अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी खालच्या चौकटीवर. मी विचारलं, हे काय, हळदीकुंकू?

“बोल्ट फिरला का रेघ तुटते,” तो म्हणाला. “पाना लावायचं काम नाही. नुसतं पाहायचं. रेघ जुळलेली आहे म्हणजे कोणी हात लावला नाही.”

ही त्याची गाडीवरची पद्धत होती. आधी तो कुणाकडून तरी नेलपॉलिश मागून घ्यायचा. त्या दिवशी उरलेला डबा घरी घेऊन गेला आणि मग त्याच्या गाडीचे सगळे बोल्ट आमच्या आंदोलनाच्या रंगाचे झाले. कच्च्या रस्त्यावर गाडी इतकी हादरते की काहीही सुटून पडू शकतं, म्हणून निघायच्या आधी तो गाडीभोवती एक फेरी मारायचा, देवळात मारतात तशी, डावीकडून उजवीकडे, सगळ्या रेघा बघत. मग एक बारका पाना घेऊन चाकाच्या एकेका आरीवर, म्हणजे स्पोकवर, टकटक करायचा. घट्ट आरी टिण्‌ वाजते, ढिली नुसती ठप्प. एखादी ठप्प वाजली की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू वर्गातला एक मुलगा रडवेला दिसतोय.

मी गाडीच्या विरोधात होते, आहे, आणि तो होता म्हणून माझं मत बदललेलं नाही. पण रविवारी टेकडीवरचं काम संपलं की मी त्याच्या पार्किंगमध्ये उलट्या बादलीवर बसून चहा प्यायचे आणि तो काम करायचा. इंजिनखाली जाड पत्रा बसवला, दगड लागला तर इंजिन फुटू नये म्हणून. हँडल उंच केलं, उभं राहून चालवता यावं म्हणून. हाताच्या पुढे वाकडी ढाल, पडल्यावर ब्रेकची दांडी तुटू नये म्हणून. मागची सीट काढून सामानाची जाळी. मला हे सगळं श्रीमंतांचं खेळणं वाटायचं आणि मी ते बोलून दाखवायचे. एकदा तो पत्र्याखालून, पाठीवर पडल्या पडल्या म्हणाला, “गाडी चालंन कशी, ते कंपनीनं पाहिलं. पडंन कशी, ते आपल्याले पाहा लागते.” मी ते वाक्य चोरलं. समितीच्या बैठकीत वापरलंही, टाळ्या मिळाल्या. त्याला सांगितलं तर म्हणाला, टाळ्यांमधला अर्धा वाटा पाठव. सायलेन्सर मात्र त्याने कधी बदलला नाही. त्याचे ऑफिसातले मित्र गाड्यांना तोफा लावून फिरत. तो म्हणायचा, “आवाज पत्रकबाईकडं आहे न. गाडीले काहून पायजे?”

गवत सोडल्यावर तो कुठे जायचा? बंद पडलेल्या खाणीत, भोरकडच्या नदीपात्रांत, रस्ता वाहून गेलेल्या वाड्यांपर्यंत. एकदा मला अशाच एका वाडीवर जायचं होतं. वरचा डोंगर कुणीतरी तारेचं कुंपण घालून अडवला होता, बायकांची सरपणाची वाट बंद झाली होती, आणि तिथे जीपही जात नव्हती. त्याने सामानाची जाळी काढून मागची सीट परत बसवली. कुरकुरत बसवली, कारण रेघा तोडाव्या लागल्या. वाटेत ओढा आडवा आला. तो उतरला, काठीने पाणी मोजलं, टायरमधली हवा थोडी सोडली, सगळं शास्त्रोक्त केलं, आणि अगदी मधोमध गाडी आडवी झाली. मी पत्रकांसकट पाण्यात. पलीकडे म्हैस धुणारे एक आजोबा उभे होते. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आंघूळ घालाया आनलीय व्हय गाडीला? मंग साबन लावा की!” प्रफुल्ल इतका हसला की त्याला गाडी उचलता येईना. ढाल वाकली होती. ब्रेकची दांडी शाबूत. “पाय, पाय,” तो मला दाखवत होता, “पडली बरोबर!” ओली पत्रकं आम्ही त्या वाडीत दगडांवर वाळत घातली. बायका म्हणाल्या, वाचता कुठं येतंय आम्हाला, तुम्ही बोला. मग मी बोलले.

परत येताना, घाट उतरून दिवे दिसायला लागले तेव्हा, त्याने गाडी कडेला घेतली आणि विनाकारण थांबला. म्हणाला, “एवढं मोठं गाव. मले नावानं ओळखते कोण? गाडीचं सामान विकते तो, डबा देते ती काकू, अन्‌ तू.” मग स्वतःच दुरुस्त केलं, “तू त नावानंही नाही. तू अरे म्हणते.” हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. हवेचा दाब सांगावा तसं सांगितलं. या शहरात बाहेरून येऊन राहणाऱ्यांबद्दल मी पत्रकं लिहिली आहेत, भाड्याबद्दल, पाण्याबद्दल, पार्किंगबद्दल. याबद्दल काय लिहायचं? कुणाकडे मागणी करायची?

तो गेल्यावर त्याचे बाबा वर्ध्याहून आले. खोली रिकामी करायची होती. सोसायटीचे सचिव जिन्यात भेटले, दुःख व्यक्त केलं आणि त्याच दमात म्हणाले, “पार्किंग तेवढं महिनाअखेरीस मोकळं झालं तर बरं. गेलेल्यांना गाडी लागत नाही.” मी म्हटलं, “अहो, मागच्या पाण्यातले डासही मोकळे करा. राहिलेल्यांना ते लागत नाहीत.” ते वर निघून गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. छोटासा माणूस, पांढरा शर्ट, शाळेत शिपाई होते आयुष्यभर. हळूच विचारलं, “तू कोन त्याची, बेटा?”

मला शब्दांची अडचण कधी पडत नाही. मथळा मागा, अर्ध्या मिनिटात देते. पण तिथे उभं राहून मला एक शब्द सापडेना. ‘मैत्रीण’ म्हटलं तर त्यांच्या कानाला ते जे ऐकू येईल ते आम्ही नव्हतो. नव्हतो म्हणजे... तिथवर आम्ही कुणी गेलोच नाही, ना तो, ना मी. ‘ओळखीची’ म्हणणं खोटं. ‘कार्यकर्ती’ म्हणणं हास्यास्पद. मी म्हटलं, “काका, मी टेकडीवरची. पत्रकं वाटते ती.”

त्यांनी चष्मा काढला. “पत्रकबाई?” म्हणाले. “थे पत्रकबाई तू? मायबाई, तू त पोरगी होय!”

मग जिन्यातच बसून त्यांनी सांगितलं. प्रफुल्ल घरी फोनवर सारखं पत्रकबाई, पत्रकबाई करायचा. पत्रकबाईंनी रागावलं, पत्रकबाईंकडून डबा आला, पत्रकबाई म्हणतात गाडी हळू चालव. घरी त्यांनी समजून घेतलं की कुणी रिटायर झालेल्या शाळेच्या बाई आहेत, पोराकडे लक्ष ठेवतात. आईला तेवढाच आधार. “तुह्यासाठी त तिनं गुडघ्याचं तेल पाठवलं होतं,” बाबा म्हणाले. “टेकडी चढते म्हने म्हातारी, पाय दुखत असन तिचे.” मला ती बाटली आठवली. प्रफुल्लने आणून दिली होती, ‘आईनं पाठवलंय, लाव’ म्हणून. मी विचारलं होतं, कशाला? तो तोंड दाबून हसत होता. मी त्यातलं निम्मं त्याच्या गाडीच्या चेनला घातलं होतं.

बाबा हसायला लागले आणि हसता हसताच रडायला लागले. मी त्यांच्या बाजूच्या पायरीवर बसून राहिले.

गाडी विकायची होती. वर्ध्याच्या ओळखीतल्या एकाला हवी होती, पण कंपनीतून निघाली तशी, कागदावर आहे तशी. बाबा मला म्हणाले, कोणी मेकॅनिक असला तर सांग. आणि मी सुरू झाले, सवयीप्रमाणे. काका, ही विकायची गाडी नाही, यातला एकेक भाग त्याने हाताने बसवलाय, हा पत्रा, हे हँडल, ही ढाल... मी उभी राहून, हात हलवून बोलत होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्यांच्या पोरासारखंच. मग म्हणाले, “मले चालवता येत नाही, बेटा. घरी नेऊन ठेवली त त्याची माय रोज पाहीन. मंग मी काय करू, सांग.”

मी आयुष्यभर समोर कुणीतरी असताना चिडले आहे. बिल्डर, नगरसेवक, सचिव, मोटरसायकलवाले. इथे समोर कुणीच नव्हतं. मी म्हटलं, मेकॅनिक नको. मी करते.

काढायला काय लागतं ते बादलीवर बसून बसून मला पाठ झालं होतं. कंपनीचे मूळ भाग त्याने पलंगाखाली एका खोक्यात जपून ठेवले होते. आरसे, ब्रेकची दांडी, हँडलचे जोड, इंजिनखालचं प्लास्टिक, टायर वेगळे बांधलेले. एकेक भाग तेल लावून कागदात गुंडाळलेला. कागद उलगडला आणि मथळा दिसला. ‘टेकडी म्हणजे तुमच्या बापाची’... दुसरा उलगडला, पाण्याचा प्रश्न. तिसरा, वाडीच्या कुंपणाचा. माझी उरलेली सगळी पत्रकं तो घेऊन जायचा. मला वाटायचं ऑफिसात वाटतो. एकदा विचारलंही होतं, काय करतोस रे त्यांचं? म्हणाला होता, “लय कामाची आहेत. तेल शोषतात.” मी चिडले होते. खोटं बोलत नव्हता तो.

ऊन पार्किंगमध्ये शिरलं होतं. मी पाना लावला, जोर दिला, आणि पहिली रेघ तुटली. बाबा खाली सतरंजी टाकून बसले होते, सुटलेले बोल्ट एकेक करून तळहातावर घेत होते. अर्ध्या पिवळ्या रेघा. ते म्हणाले, “हे पिवळं काय होय?” मी सांगितलं. रेघ जुळलेली असली म्हणजे कुणी हात लावला नाही. त्यांनी मान डोलावली आणि बोल्ट रुमालात ठेवले. सगळं कंपनीसारखं बसून झाल्यावर गाडी बुटकी, गुळगुळीत, कुणाचीही दिसायला लागली. कुठल्याही सिग्नलला दिसते तशी. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. डावीकडून उजवीकडे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मग म्हणाले, “आता रेघा तू ओढ.”

डब्यातला रंग वरून घट्ट झाला होता, खाली ओला होता. मी काडी बुडवली. माझा हात बॅनर रंगवणारा, रुंद, त्याच्यासारखी बारीक रेघ येईना. पण ओढल्या. अर्धी बोल्टवर, अर्धी चौकटीवर. टेम्पो आला, गाडी गेली, बाबा संध्याकाळच्या रेल्वेने गेले. जाताना त्यांनी ना मला मैत्रीण म्हटलं, ना बेटा. म्हणाले, “येतो, पत्रकबाई.”

आता रविवारी टेकडीवरचं काम लवकर संपतं. सगळे आपापल्या घरी जातात आणि मला जायला पार्किंग नाही. खडकीला घरी आई विचारते, आज लवकर कशी? त्या तळघरातल्या पाण्याबद्दलचं पत्रक मी लिहून काढलं आहे, त्यात त्याचं नाव घातलं नाही. मथळा सापडत नाही, हे पहिल्यांदाच घडतंय.

गेल्या आठवड्यात समितीत ठरलं की पायथ्याचा बोर्ड नव्याने रंगवायचा. खरंच रंगवायला झाला होता, उन्हाने अक्षरं उडून गेली आहेत, ‘टेकडी’मधला ‘टे’ तर मुळीच दिसत नाही. तरुण मंडळी पाने घेऊन आली. म्हणाली, ताई, खाली उतरवून घेऊ, बसून रंगवता येईल. मी मागे जाऊन पाहिलं. मागच्या बाजूला ऊन लागत नाही. चारही रेघा काल ओढल्यासारख्या, पिवळ्याधमक, मुकाट जुळलेल्या. कुणी हात लावलेला नाही.

मी म्हटलं, उतरवायचा नाही. उभ्यानेच रंगवू.

“का पण, ताई?”

मला कारण देता आलं असतं. मी कशाचंही कारण देऊ शकते, मुद्दे पाडून. मी म्हटलं, “राहू दे.” आणि स्टूल मागवलं.